चौथ्या मजल्यावरचं ताट

१

“लेखिकाबाईंची मुलगी परत आलीय म्हणे, आणि बाईंनी तिला घरातच…”

एवढं ऐकू आलं आणि लिफ्ट वर निघाली. पुढचे शब्द तिच्या घरघरीत गेले. आत तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई आणि त्यांची बहीण होत्या, बाहेर मी, दोन्ही हातांत पिशव्या. घरातच काय? लपवलंय? कोंडलंय? की नुसतं ठेवलंय? अर्धी बातमी म्हणजे दाढेत अडकलेला धागा, जीभ सारखी तिथेच जाते. मी पिशव्या उचलून जिन्यानं धावले. दुसऱ्या मजल्यावर दम संपला आणि घरही आलं, म्हणून थांबले.

मला चौकशा फार, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना तसदी नको. मी घरी कपडे दुरुस्त करते. कुणाची चेन बसव, कुणाची बाही आखूड कर, कुणाला बारीक झाल्यासारखं वाटलं तर कंबर आत घे, आणि महिन्याभरानं तीच कंबर पुन्हा बाहेर सोड. गिऱ्हाईक येतं-जातं म्हणून दार दिवसभर उघडं असतं. दाराला नुसता पडदा, तोही जमिनीपासून वीतभर वर. मशीनवर मान खाली घालून बसलं की त्या वीतभर फटीतून जिन्यातले पाय दिसतात. सगळ्या इमारतीचे पाय मला पाठ आहेत. चेहरे विसरते, पाय नाही.

लेखिकाबाईंच्या मुलीचेही पाठ होते. पांढरे कापडी बूट, नाड्या कायम सुटलेल्या. उड्या मारत जिना उतरायची. सगळे तिला छकुली म्हणायचे, आणि कॉलेजात जायला लागली तरी ती ओ द्यायची. तीनेक वर्षं झाली असतील. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला नव्या बांधकामासाठी मोठा खड्डा खणलेला होता. आईच्या वाढदिवसाला फुलं आणायला म्हणून ती मागच्या वाटेनं गेली, आणि चालता चालता वाट खचली. बघणाऱ्यानं सांगितलं, जमीन उघडली आणि मिटली. कितीतरी दिवस माती उपसत होते, पाणी खेचत होते. एक बूट मिळाला, डाव्या पायाचा. बाकी काही नाही. शेवटी खड्डा बुजवला, पत्रे लावले. आता तिथे रान माजलंय. आमच्या तळघराची मागची भिंत त्याच मातीला टेकलेली आहे.

तेव्हा ती परत आली म्हणणाऱ्यांचं मी मनातल्या मनात हसूच केलं. गेलेलं माणूस परत येत नाही एवढं शिक्षण माझंही झालंय. तरी पिशव्या ओट्यावर ठेवताना मनात तेच. घरातच काय?

२

दुसऱ्या दिवशी देवानं गऱ्हाणं ऐकावं तशा लेखिकाबाई स्वतःच आल्या. मोजड्या घासत चालायची सवय, त्यामुळे पडदा हलायच्या आधीच मी स्टूल पुढे केलं. त्यांच्या हातात छकुलीचा पिवळा फ्रॉक होता, कंबरेला पट्टा असलेला. शिवला होता मीच.

“वहिनी, हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घ्याल?”

मी विचारलं, कुणासाठी? असं विचारू नये हे कळतं, पण तोंड माझ्या आधी बोलतं.

“माझ्या कादंबरीसाठी,” त्या म्हणाल्या. मग फ्रॉकवर हात फिरवत, जसं काही मला नाही तर त्या कापडालाच सांगताहेत, “वाळली असेल ना ती.”

मी टेप गळ्यात घातला आणि चहा टाकला. माणूस बोलतं करायचं असेल तर चहासारखं दुसरं औजार नाही. बाईंनी कप हातात घेतला, ओठाला लावला नाही, आणि कादंबरीची गोष्ट सांगायला लागल्या. ती म्हणे एका फार जुन्या कथेवरून घेतलेली. ग्रीस देशातली कथा, हजारो वर्षांची. एक आई होती, जिच्या हातात धान्य पिकवणं होतं, आणि तिची एकुलती एक मुलगी. मुलगी फुलं तोडत होती. जमीन उघडली आणि जमिनीखालच्या राजानं तिला ओढून नेलं.

इथे मी मशीनचं चाक उगाच फिरवलं. दुसरं काय करणार.

आईनं मग पिकवणंच सोडलं, बाई सांगत होत्या. शेतं करपली, माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा कुठे वरचे देव जागे झाले आणि मुलीला सोडा म्हणाले. राजा सोडायला तयार झाला. पण मुलीनं तिथे डाळिंबाचे चार-दोन दाणे खाल्लेले. ज्या घरचं खाल्लं त्या घरचं व्हायचं, असा नियम. म्हणून वर्षातले काही महिने वर आईकडे आणि काही महिने खाली.

“म्हणजे सासर-माहेरच की,” मी म्हटलं.

बाई हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. हसू लगेच विरलं, पण आलं होतं.

“माझ्या कादंबरीत शेवट वेगळा आहे, वहिनी. त्या आईची एक चूक झाली. ती दार उघडून रडत बसली, ताट वाढलं नाही. माझ्या कादंबरीतली आई रोज ताट वाढून ठेवते. खालच्यांनी नियम केला तर तो नियम आपल्यालाही लागू. मुलगी वर येईल, भुकेली असेल, आणि पहिला घास माझ्या…” त्या थांबल्या. “तिच्या आईच्या घरचा खाईल. मग ती आईचीच. खालच्यांचा हक्क संपला.”

बाईंना बुद्धी फार, पण त्या वेळी मला त्यांची काळजी वाटली. मी म्हटलं, छान आहे हो गोष्ट, लिहा, मन मोकळं होईल. त्या गेल्यावर मी फ्रॉक उलटा करून दोन-दोन बोटं आत घेतलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड, माया, भरपूर ठेवली. कापायला हात झाला नाही.

३

त्याच आठवड्यात लिफ्टचं माझ्या लक्षात आलं.

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दुपारी इमारत झोपते तेव्हा तिचा आवाज भिंतीतून येतो. त्या दुपारी ती आपोआप खाली गेली, तळमजल्याच्याही खाली, तळघरात. तिथे पाण्याचा पंप आणि लोकांचं मोडकं सामान. दुपारचं तिथे कोण मरायला जातंय? पंपवाला सकाळी येऊन जातो. लिफ्ट खाली थोडी थांबली. मग चौथ्या मजल्यावरून बाईंनी बटण दाबलेलं मला त्यांच्या मोजड्यांवरून कळलं, कारण बटण दाबून त्या आत पळत गेल्या. लिफ्ट माझ्या मजल्यावरून वर गेली, चौथ्यावर दार वाजलं, आणि मग काहीच नाही. कुणी बोललं नाही, कुणी उतरल्याचे पाय नाहीत. ओल्या मातीचा वास मात्र जिन्यात रेंगाळला.

दुसऱ्या दुपारी तसंच. तिसऱ्या दुपारी तसंच.

मी स्वतःला समजावलं. बाई लिफ्ट खाली पाठवतात, रिकामी वर बोलावतात, कादंबरीसाठी. लिहिणारी माणसं काय काय करतात. वास येतो तो तळघराच्या ओलीचा. सगळं जागच्या जागी बसलं. फक्त एक कळेना, वर बसून खालचं बटण कसं दाबतात?

मग चौथ्या दुपारी, लिफ्ट तळघरातून निघाल्याचा आवाज आल्याबरोबर, मी उठले आणि आमच्या मजल्यावरचं बटण दाबलं. आत कोण आहे एवढंच बघायचं होतं. माझ्या जागी दुसरं कुणीही असतं तर बसून राहिलं असतं. पण माझ्या जागी मीच होते.

लिफ्ट थांबली. जाळीतून पाहिलं. आत कुणी नव्हतं. फरशीवर ओलसर माती, पिवळ्या दिव्याचा उजेड, आणि आतलं चौथ्याचं बटण दाबलेलं. मी जाळी सरकवून नीट बघितलं, लिफ्टच्या आरशात माझंच तोंड दिसलं, घामेजलेलं आणि जरासं फजित झालेलं. तशीच परत आले, जेवायचं राहिलं होतं म्हणून ताटात भात वाढून घेतला, ताट मशीनशेजारच्या स्टुलावर ठेवलं, आणि एक टाका राहिला होता तो आधी पुरा करायला मान खाली घातली.

पडद्याखाली पाय होते.

सुईत दोरा, दातांत दुसरा दोरा, चष्मा नाकाच्या टोकाला. मला एवढंच दिसलं, की पोरीचे पाय आहेत, बारीक, चिखलानं भरलेले, आणि ती आत यायला बिचकतेय. एका पायात कापडी बूट, दुसरा अनवाणी. कुठेतरी खेळून आलेलं पोर, असं मनानं ठरवून टाकलं. माझ्या दारात कुणी उभं असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही. आमचे हे त्यावरून मला कायम चिडवतात, “असतील शितं तर जमतील भुतं. तुझ्या दारात तर शितांचा सडाच असतो.”

“ये बाळा,” मी मान वर न करता म्हटलं. “बस. खाऊन घे.”

टाका पुरा झाला. दोरा तोडला. वर पाहिलं तर पडदा नुसता हलत होता. ताटातला भात जसाच्या तसा, फक्त कडेला एका जागी बोटानं उचलल्यासारखी खळी. चार-दोन शितं गेली असतील. जास्त नाही.

पाय ओळखीचे वाटले नव्हते, हे मला मागून आठवलं. आणि मला ओळखता येत नाहीत असे पाय आमच्या इमारतीत नाहीत. मग आठवलं, अनवाणी पाय डावा होता.

मी तो भात पक्ष्यांना टाकला. ताट घासलं. पुन्हा घासलं.

४

त्या दिवसापासून लिफ्ट चौथ्यावर जायचीच थांबली. वरून बटण दाबलं जायचं, लिफ्ट तळघरातून निघायची आणि माझ्या मजल्यावर येऊन उभी राहायची. मी उठायची नाही. दाराकडे पाठ करून बसायची आणि मशीन जोरात चालवायची. मशीनच्या आवाजात पडद्याच्या कड्या ऐकू येत नाहीत.

आमचे हे लिफ्ट दुरुस्तीचंच काम करतात, त्यामुळे एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना घरच्या घरी कामाला लावलं. ते आधी म्हणाले, यंत्राला भूत लागत नाही, गंज लागतो. मग पत्र्याची पेटी उघडून बसले, तारा तपासल्या, वर-खाली फेऱ्या मारल्या. मी स्क्रू धरून उभी.

“दोष काही नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्यावर थांबायला एक तर बाहेरून आपल्याच मजल्याचं बटण दाबायला हवं. तू दाबत नाहीस ना?”

आता नाही, मी म्हटलं.

“नाहीतर मग आतून…” एवढं म्हणून त्यांनी पेटीचं झाकण लावलं. चारही स्क्रू नीट पिळले, पाचवा असता तर तोही पिळला असता, असा त्यांचा चेहरा. जेवताना म्हणाले, बटण अडकत असेल, बदलू. बटण बदललं. काही फरक पडला नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि शितांचा विनोदही पुन्हा केला नाही. इतक्या वर्षांचा संसार आहे आमचा. मूलबाळ झालं नाही, तरी ते एकदाही काही बोलले नाहीत, सगळं विनोदावर नेलं. त्यांचा विनोद थांबला की घर फार मोठं वाटतं.

आणि तो पिवळा फ्रॉक. बाई न्यायला आल्या नव्हत्या म्हणून मी तो दाराजवळच्या खुंटीला हँगरवर लावून ठेवला होता. एका दुपारनंतर पाहिला तर तो खुंटीवर उलट्या बाजूनं लावलेला. मला वाटलं, मीच लावला असेन. मग खाली बघितलं. घेराला ओली माती लागली होती, आणि कंबरेच्या पट्ट्याला गाठ मारलेली. पट्ट्याला मी कधी गाठ मारत नाही, कापडाला चुणी पडते. छकुली मारायची. तिला किती वेळा सांगितलं होतं.

मी फ्रॉक धुतला, वाळवला आणि पुन्हा तिथेच लावला. बाईंकडे नेऊन दिला नाही. का नाही, ते मी स्वतःला विचारलं नाही.

५

शेवटी बाई खाली आल्या. मोजड्या घासण्याचा आवाज नव्हता, अनवाणी आल्या होत्या. स्टुलावर बसल्या. चेहरा ओढलेला, केस विंचरलेले नाहीत. त्यांच्या बाल्कनीतल्या कुंड्या वाळल्याचं इमारतीत बोलणं होतंच, आणि माझ्या खिडकीत कुणी टाकून दिलेली एक काटकी डब्यात खोचली होती, ती कळ्यांनी लगडली होती. बाई त्या कळ्यांकडे बघत राहिल्या.

त्या म्हणाल्या, रोज ताट वाढते. रोज लिफ्टचं दार उघडून ठेवते. आधी ती येत होती, दारापर्यंत, मला मातीचा वास यायचा. उंबऱ्याशी थबकायची. एक-दोन दिवसांत आत आली असती. आता लिफ्ट वर येतच नाही.

मी चहा ठेवायला उठले, तर त्यांनी हात धरला. त्यांची नजर खुंटीवरच्या फ्रॉकवर होती, पट्ट्यावर. त्या दिवशीही गाठ होती.

“वहिनी, तिनं इथे काही खाल्लं का?”

कोण, असं विचारायचं नाटक माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, दारात पोर दिसलं, मी दिलं. मी सगळ्यांनाच देते हो. कुणाला विचारून देत नाही.

“किती?”

“चार-दोन शितं.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात सोडला आणि मांडीवर दोन्ही तळवे उपडे ठेवून बसल्या, जशी परीक्षा संपल्यावर मुलं बसतात.

“डाळिंबाचेही तेवढेच होते,” त्या म्हणाल्या.

वर त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ताटाची तयारी चालू असणार. मी त्या गोष्टीतल्या राजाचा विचार करत होते. मला वाटायचं, तो काळाकभिन्न असेल, दांडगा, आडदांड. गोष्टीत कुणी सांगत नाही की त्याच्या घरीही दुपारी भात शिजत असेल, की त्यालाही दारातलं पोर उपाशी बघवलं नसेल. बाईंच्या घराच्या बरोबर खाली, दोन मजले खाली, माझं घर.

“वहिनी, मी तुमच्या पाया पडते,” बाई म्हणाल्या. “निदान वर्षातले काही महिने.”

६

मी ठरवलं, पोरीला तिच्या आईकडे पोचवायचं. माझं काय, मी खाऊ घालणारी बाई, कुणाचं पोर ठेवून घेणारी नव्हे.

दुसऱ्या दुपारी भात केला नाही. चूलच पेटवली नाही. लिफ्ट येऊन थांबली, जाळी सरकली. मी खुंटीवरचा फ्रॉक घेतला, हँगरसकट, आणि पडदा बाजूला करून सरळ जिन्याला लागले. मागे न बघता मोठ्यानं म्हटलं, “चल बाळा, आई वाट बघतेय.”

दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत माझेच पाय वाजत होते. तिसऱ्याच्या वळणावर मागून एक पाय वाजला. बुटाचा. मग चिकट, ओला, अनवाणी. मग बुटाचा. नर्सबाईंच्या दाराला कान लावावा तसं माझं सगळं अंग कान झालं होतं. मन म्हणत होतं, हा तुझ्याच चपलांचा आवाज भिंतीवर आपटून येतोय. मी थांबले. मागचे पाय एक पायरी जास्त वाजून थांबले.

भिंतीवर आपटून आलेला आवाज जास्तीची पायरी चढत नाही.

चौथ्यावर दार उघडं होतं. समोर टेबल, टेबलावर ताट, वाफ येत होती. बाई दारात. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, पोचवलं मी, सुटले.

“छकुली,” त्या म्हणाल्या. “ये ना गं. बघ, तुझ्यासाठीच वाढलंय.”

त्यांच्या दाराशेजारी भिंतीत लांबट आरसा आहे, बाहेर पडताना केस नीट करायला लावलेला. मी मागे वळले नव्हते. पण आरसा माझ्या समोर होता आणि डोळे माझेच. माझ्या पाठीमागे, दोन पायऱ्या खाली, पिवळं काहीतरी होतं. मी हातातल्या हँगरकडे पाहिलं. हँगर रिकामा होता.

आरशात चेहरा दिसला नाही. ओले केस पुढे आलेले, आणि कंबरेवर फ्रॉकची गाठ. एक हात दिसला. तो माझ्या पदराचं टोक धरून होता, लहान मुलं गर्दीत धरतात तसा.

बाई एक पाऊल पुढे आल्या. म्हणाल्या, “एक घास खा फक्त. एकच.”

पदर हलका ओढला गेला, खालच्या बाजूला. मग सुटला. पाय जिना उतरायला लागले, बूट आणि अनवाणी, बूट आणि अनवाणी, घाई नाही, रुसवा नाही, जसं कुणी शाळा सुटल्यावर घरी जातं. दुसऱ्या मजल्यावर माझ्या पडद्याच्या कड्या वाजल्या.

बाई तशाच उभ्या होत्या. ताटातली वाफ कमी होत गेली. मी काहीतरी बोलले असेन, मला आठवत नाही. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं नाही. माझ्यासमोर हळूच लोटून घेतलं, कडी न घालता.

७

बाईंची कादंबरी छापून आली. एक प्रत माझ्या दारात ठेवून गेल्या, आत आल्या नाहीत. मला वाचायचा सराव नाही, ओळीखाली बोट ठेवून बरेच दिवस वाचत होते. नर्सबाई सांगत होत्या की वर्तमानपत्रात चांगलं लिहून आलंय, जुनी ग्रीक कथा उलटी करून नव्यानं मांडलीय, आई जिंकते, शेवट गोड. शेवट गोडच आहे. मुलगी लिफ्टनं येते, आईच्या टेबलाशी बसते, जेवते. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र दुसरंच शोधत होते. मी कुठे आहे ते. त्या कादंबरीतल्या इमारतीत तळघर आहे, लिफ्ट आहे, पहिला मजला आहे, तिसरा आहे, चौथा आहे. दुसरा मजला नाही. लिफ्ट पहिल्यावरून निघते आणि तिसऱ्यापाशी येते. मी पानं पुन्हा उलटून पाहिली. कुठेच नाही. बाईंनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी मला वगळलं. दुसरा काय उपाय होता त्यांच्याकडे?

परवा लिफ्टपाशी नर्सबाई आणि त्यांची बहीण भेटल्या. या वेळी मीही त्यांच्याबरोबर आत शिरले, म्हणून वाक्य पुरं ऐकायला मिळालं.

“लेखिकाबाईंची मुलगी परत आलीय म्हणे, आणि बाईंनी तिला घरातच लपवून ठेवलंय. रोज दोघींचा स्वयंपाक होतो वर. वास येतो ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इमारतीत काही झालं की माझ्याकडे बघायची पद्धतच आहे. एरवी मी अर्ध्या बातमीवर दोन दिवस जगते. त्या दिवशी पुरी बातमी मिळाली, आणि तीच अर्धी खरी होती, आणि उरलेली अर्धी मला माहीत होती. मी म्हटलं, लोकांना काय, बोलायला लागतं काहीतरी. दुसरा मजला आला. मी उतरले.

आमचे हे घरी होते. स्टूल भिंतीपासून थोडं पुढे ओढलेलं होतं आणि त्यावर तिसरं ताट मांडलेलं. त्यांनीच मांडलं होतं. आम्ही त्यावर बोलत नाही. मी भात वाढला आणि दोघंही ताटाकडे पाठ करून जेवलो, तसंच जेवतो आता.

जेवणानंतर मशीनवर बसले. पिवळा फ्रॉक मांडीवर होता. गेल्या महिन्यात त्याची शिवण काखेत तटतटायला लागली होती, या आठवड्यात उसवलीच. मी तो उलटा केला, आधी आत घेतलेली दोन-दोन बोटं धरली, आणि टाके एकेक करून काढले. माया कापली नव्हती ते बरं झालं. तरी पुरेल असं दिसत नाही. अंगावर येतेय पोर.

टेप घेऊन मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले आणि हात मागे नेले, हल्ली माप असंच घेते. टेपच्या आत थंडगार काहीतरी शहाण्यासारखं उभं राहिलं.

वरून चौथ्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. बाई रोज दाबतात. लिफ्ट खाली जाते, तळघरात थोडी थांबते, रिकामी निघते आणि अजूनही आमच्याच मजल्यावर येऊन उभी राहते.